श्वासमावशी

मिठूच्या गळ्यातलं कडं जवळजवळ विरघळलं, ही बातमी डॉक्टर मुजावरांनी हसत हसत सांगितली आणि त्रिशला मगदूमने ती हसतच ऐकून घेतली. अशा बातमीला हसायचंच असतं.

"हे बघा." डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. मागच्या खेपेला तिथं पांढरं कडं ठळक दिसलं होतं. आता ओल्या फडक्याने पुसलेल्या खडूच्या रेघेसारखं काहीतरी उरलं होतं. "अजून दोन-तीन महिने. मग ही पोर स्वतःच्या गळ्यावर जगेल."

"चांगलं झालं की," त्रिशला म्हणाली.

मिठू तिच्या मांडीवर बसून डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची नळी चावत होती. डॉक्टरांनी ती हळूच सोडवून घेतली आणि खाली बघत म्हणाल्या, "वर्ध्याच्या लोकांना कळवते मग. वर्षभर वाट बघतायत बिचारे."

त्रिशलाने मान डोलावली. घरी येताना मिठू रिक्षात तिच्या खांद्यावर झोपली. मिरजेतले ओळखीचे चौक एकामागून एक मागे पडत होते. त्या गळ्यातल्या कड्याला आपण मनातल्या मनात 'विरघळू नकोस' म्हणतोय, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

मिठूचं कागदावरचं नाव मैत्रेयी. जन्मल्यावर कुणीतरी तिला इस्पितळाच्या दारात ठेवून निघून गेलं होतं. तिचं रडणंही धड रडण्यासारखं नव्हतं, फाटक्या भोंग्यासारखं होतं. माणसाच्या श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात आणि त्या कड्यांमुळे ती उघडी राहते. मिठूची कडी मऊच राहिली होती. श्वास बाहेर सोडला की नळी मिटायची, आणि बाळ निळं पडायचं.

पूर्वी अशी मुलं यंत्रावरच राहायची. बहुतेक वाचायची नाहीत. मग एक नवं रेझिन आलं. मधासारखं घट्टसर. अंधारात ठेवलं तर तसंच राहायचं, पण ठरावीक जांभळा उजेड पडला की त्यातले रेणू एकमेकांचे हात धरायचे, आणि उजेड पडेल तेवढाच भाग कडक व्हायचा. केसाहून पातळ असा थरावर थर चढवत, त्या-त्या बाळाच्या मापाचं जाळीदार कडं छापता यायचं. जाळीच्या भोकांत बाळाच्याच कानामागून काढलेल्या कूर्चेच्या पेशी पेरायच्या आणि कडं नळीभोवती बसवायचं. पेशी वाढत जायच्या. दुसरीकडे शरीरातलं पाणी रेणूंचे धरलेले हात एकेक करून सोडवत राहायचं. सुटलेले तुकडे थोडे लघवीवाटे, थोडे श्वासावाटे निघून जायचे. शेवटी परकं असं काही उरायचंच नाही.

"स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात ना, तसं," डॉक्टर मुजावरांनी प्रशिक्षणात सगळ्या बायकांना समजावलं होतं. "लवकर काढलं तर स्लॅब खाली येणार. काढलंच नाही तर घरात राहता येणार नाही. इथं सेंट्रिंग आपसूक जातं, एवढाच फरक."

आपसूक जाणाऱ्या गोष्टीवर कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. कड्याचा आकार स्कॅनमध्ये दिसायचा, पण खालची कूर्चा भार घेण्याइतकी घट्ट झाली की नाही, ते दिसायचं नाही. ते कळायचं झोपेतल्या श्वासावरून. झोपेत अंग सैल पडतं, आणि नळी कुठे मिटत असेल तर श्वास सोडताना बारीक शीळ वाजते. छातीला बांधायचा पट्टा असायचा, तो आवाज टिपायचा. पण त्याला सर्दीची घरघर आणि पंख्याची कुरकुरही शीळ वाटायची, म्हणून त्याचा कान मुद्दाम थोडा जाड ठेवलेला होता. ज्या बाईच्या कुशीत मूल झोपतं, तिलाच त्याचा श्वास खरा ठाऊक. म्हणून सरकारने अशा अनाथ मुलांसाठी इस्पितळाजवळची घरं निवडली. योजनेचं नाव लांबलचक होतं. लोक त्या बायकांना श्वासमावशी म्हणायचे.

आणि श्वासमावशीला ते मूल दत्तक घेता येत नव्हतं.

"असं का?" त्रिशलाच्या नवऱ्याने, भरतेशने, सही करताना विचारलं होतं. द्राक्षबागांवर औषध फवारणारे ड्रोन तो दुरुस्त करायचा. कुठल्याही यंत्राचा कुठलाही भाग का आहे, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

"शीळ वाजते की नाही ते मावशी सांगणार," अधिकारी म्हणाले. "वाजते म्हणाली की नवं रेझिन भरायचं, आणि मूल आणखी दोन वर्षं तिच्याकडेच. तिला ते मूलच हवं असेल, तर तिच्या सांगण्यावर विसंबायचं कसं? सुरुवातीला एके ठिकाणी असं झालंय साहेब. गरज नसताना लेकराला भूल दिली."

भरतेशला ते पटलं होतं. त्रिशलालाही. मूल नाही म्हणून झुरायचं वय मागे पडलं, असं तेव्हा तिला वाटत होतं. काहीतरी उपयोगी करावं, एवढ्याच विचाराने तिने नाव दिलं होतं.

मग मिठू आली, आणि घराचं वेळापत्रक तिच्या श्वासाने ठरू लागलं. मगदूमांकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची जुनी जैन रीत. मिठूही त्या वेळी भाकरीचा तुकडा मागायला शिकली. कड्यामुळे तिचा आवाज खरखरीत होता, म्हणून भरतेशने तिला मिठू म्हणायला सुरुवात केली. 'मावशी' म्हणायला शिकवा, असं योजनेच्या ताई दर भेटीत बजावायच्या. मिठू त्यांच्या तोंडाकडे नीट बघायची आणि म्हणायची, "शला."

"मावशी म्हण, बाळ."

"शला."

स्कॅननंतरच्या आठवड्यात एका दुपारी त्रिशलाने ती शीळ ऐकली.

मिठू पालथी झोपली होती. त्रिशला शेजारी पडून तिच्या पाठीवर हात फिरवत होती. श्वास आत गेला, बाहेर आला, आणि अगदी शेवटाला, लांबच्या गल्लीत फुग्यातली हवा कुणी बारीक सोडावी, तसा आवाज झाला. तिचा हात जागीच थांबला. पुढचे बरेच श्वास साफ गेले. मग पुन्हा एकदा तसंच.

तिने भरतेशला बोलावलं. तो गुडघ्यांवर बसला, मिठूच्या पाठीला कान लावला, पंखा बंद करून पुन्हा लावला.

"मला नाही ऐकू येत," तो म्हणाला. "पट्टा काय म्हणतोय?"

"हिरवा."

"मग?"

पुढचे दिवस विचित्र गेले. कधी शीळ वाजायची, कधी दोन-दोन दिवस नाही. वर्ध्याहून व्हिडिओ कॉल आला त्या दुपारी ती स्पष्ट वाजली. दुसऱ्या दिवशी वाजलीच नाही. त्रिशला कामं टाकून झोपलेल्या पोरीपाशी बसू लागली. आपण शीळ वाजू नये म्हणून ऐकतोय की वाजावी म्हणून, हे तिचं तिला कळेना.

एका संध्याकाळी जेवण झाल्यावर भरतेश ताटं उचलता उचलता थांबला.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा."

"ती आपल्याकडे राहावी असं तुला वाटतंय. मलाही वाटतंय, खोटं कशाला बोलू. तुझे कान तुझ्या मनासारखं ऐकत नसतील कशावरून?"

"तेच कळत नाही मला," त्रिशला म्हणाली. "कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

तो ताटं घेऊन आत गेला. मिठू अंगणात मुंग्यांना काहीतरी सांगत बसली होती.

मग मिठूला दत्तक घेणारे वर्ध्याचे वैरागडे आले. सुशांत पाटबंधारे खात्यात होता, प्रणाली शाळेत गणित शिकवायची. दोघंही घाबरलेले दिसत होते. मुलगी बघायला आलेत की स्वतःला दाखवायला, कळत नव्हतं. प्रणालीने आणलेला फ्रॉक मिठूने डोक्यावर ओढून घेतला आणि ती त्रिशलाच्या मागे लपली. दुपारी मिठू झोपली तेव्हा प्रणाली दबकत आत आली आणि खाली सतरंजीवर बसली.

"ताई, तुम्ही काय ऐकून राहिल्या?" तिने कुजबुजत विचारलं.

शीळ तेव्हा वाजत होती. त्रिशलाला ती स्वच्छ ऐकू येत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "सवय आहे."

प्रणालीने झोपलेल्या मुलीच्या तळपायाला एकच बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, जणू परवानगी घ्यायची राहिली होती. त्या एका बोटाकडे बघताना त्रिशलाला उमगलं, की ही बाई मिठूला घेऊन जाईल, तिच्यावर जीव ओवाळून टाकेल, आणि हिला काहीही ऐकू येणार नाही. एखाद्या थंडीत, एखाद्या साध्या सर्दीत, वर्ध्याच्या कुठल्याशा घरात मिठू झोपेतच निळी पडेल.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर ती एकटीच डॉक्टर मुजावरांकडे गेली.

"मॅडम, शीळ वाजतेय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"स्कॅननंतर. रोज नाही वाजत."

"पट्टा?"

"हिरवाच दाखवतो. ह्यांनाही ऐकू येत नाही. फक्त मला येते."

डॉक्टर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत संशय नव्हता, पण दुसरं काय होतं तेही तिला कळेना. "त्रिशलाताई, आत बघायचं तर भूल द्यावी लागते. अशा गळ्याला भूल म्हणजे जोखीम. स्कॅन चांगला, पट्टा हिरवा, आणि मूल जायची वेळ आली असताना मावशी म्हणते शीळ वाजते. योजनेची समिती काय म्हणेल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मीही स्वतःला तेच म्हणतेय गेले कितीतरी दिवस."

"मग मी काय करू, सांगा."

त्रिशलाने पदराचं टोक मुठीत धरलं. वाटेत तिने हे वाक्य अनेकदा म्हणून बघितलं होतं. प्रत्यक्ष बोलताना ते वेगळंच निघालं.

"ऐकू येतं ते खरं, का मला पोर हवी म्हणून येतं, हे मला सांगता येत नाही मॅडम. म्हणून त्यात मलाच ठेवू नका. माझ्याकडून आधी लिहून घ्या. आत काहीही निघो, नवं रेझिन भरावं लागो न लागो, मिठू वर्ध्यालाच जाईल. माझ्याकडे राहणार नाही. मग तरी माझ्या सांगण्याला काही किंमत येईल की नाही?"

"रेझिन असताना मूल इस्पितळापासून लांब पाठवत नाहीत. तिथं ऐकणार कोण?"

"त्यांना इथं बोलवा. मी शिकवते ऐकायला."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिथून परत आल्या. "कूर्चा मऊ आहे की घट्ट, हे माझ्या कुठल्याच यंत्राला सांगता येत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला ठेवलंय. तुम्हालाच विचारायचं आणि तुमच्यावरच विश्वास ठेवायचा नाही, असं करून ठेवलंय आपण. बघते मी. समितीशी बोलते."

समितीने परवानगी दिली. सहीचा कागद समोर आला तेव्हा त्रिशलाने तो वाचलाच नाही.

तपासणीच्या सकाळी मिठूला दूध मिळालं नाही म्हणून ती रुसली होती. आत नेताना तिने त्रिशलाच्या मानेला मिठी मारली, आणि परिचारिकेने ते छोटे हात एकेक करून सोडवले. बाहेर बाकावर भरतेश शेजारी बसला होता. कान खोटे निघाले तर आपण स्वार्थापायी लेकराला भूल द्यायला लावली असं होईल. खरे निघाले तर मिठूचा गळा अजून कच्चा. दोन्हीपैकी काय मागावं, हे त्रिशलाला ठरवता येईना. शेवटी तिने णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली, कारण त्यात काही मागावं लागत नाही.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला होता.

"तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूला एक जागा आहे, हरभऱ्याच्या डाळीएवढी. पहिल्या वर्षी तिला छातीचा संसर्ग झाला होता, आठवतं? सूज आली की तिथली आम्लता वाढते आणि रेझिन भरभर विरघळतं. तेवढ्या जागेवरचं सेंट्रिंग वेळेआधीच निघालं. दुर्बिणीतूनच थोडं रेझिन भरलं, आतच जांभळा उजेड दिला. आता घट्ट आहे. बारीकशी सर्दीसुद्धा महागात पडली असती, ताई."

त्रिशलाने दोन्ही हात जोडले. मग ती बाकावर बसली आणि खूप वेळ उठलीच नाही.

"सही केली नसतीस तर आता ती दोन वर्षं आपल्याकडेच राहिली असती," भरतेश हळू आवाजात म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मनातलं बाहेर आलं, एवढंच.

"सही केली नसती तर आत बघितलंच नसतं कुणी," ती म्हणाली.

प्रणाली रजा घेऊन मिरजेला आली आणि मगदूमांच्या पुढच्या खोलीत राहिली. रोज दुपारी दोघी मिठूच्या दोन बाजूंना पडायच्या.

"आधी कान नका लावू," त्रिशला सांगायची. "गाल लावा पाठीला. श्वास कसा जातोय ते गालाला कळू दे. कान मागून येतो."

"मला तर काहीच ऐकू नाही येऊन राहिलं, ताई."

"काही नसतानाचं ऐका आधी. ते ओळखीचं झालं की मग दुसरं कळतं."

प्रणाली चिकाटीची निघाली. मिठूला सर्दी झाली तेव्हा घरघर आणि शीळ यांतला फरक ती शिकली. भरल्या पोटाचा श्वास, रडून झोपल्यानंतरचा श्वास, स्वप्नातला श्वास, सगळे तिने ओळखीचे करून घेतले. आणि एका दुपारी त्रिशला ओट्यापाशी असताना ती आतून आली आणि म्हणाली, "ताई, आज उजव्या कुशीवर जरासा जड चालला होता. पालथी केली तर मोकळा झाला."

बरोबर होतं ते. त्रिशलाने "शाबास" म्हटलं आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली. पिठाचा हात कपाळाला लागला तरी तिला कळलं नाही. आजवर जगात फक्त तिलाच ठाऊक होतं ते आता दुसऱ्या बाईला ठाऊक झालं होतं, आणि ते तिनेच दिलं होतं. त्या संध्याकाळी मिठू पहिल्यांदा आपण होऊन प्रणालीच्या मांडीवर जाऊन बसली.

निघायच्या दिवशी सुशांत गाडी घेऊन आला. मिठूला वाटलं, चक्कर मारायला चाललोय. तिने खिडकीतून हात हलवला आणि ओरडली, "शला, ये."

"तू हो पुढं," त्रिशला म्हणाली.

गाडी वळली. भरतेश फाटकाला कडी लावत बराच वेळ उभा राहिला.

रोज श्वास ऐकवीन, असं जाताना प्रणाली म्हणाली होती, आणि ती शब्दाची पक्की होती. दुपारी मिठू झोपली की ती फोन लावायची. "ताई, तुम्ही पण ऐका एकदा," म्हणायची आणि फोन पोरीच्या पाठीशी ठेवायची. शेकडो मैलांवरून तो श्वास यायचा. "मोकळा आहे," त्रिशला म्हणायची. त्यानंतरही प्रणाली पोरीच्या पाठीपासून फोन लगेच काढून घ्यायची नाही. तिला ऐकून घ्यायचं असायचं असं नाही. ती त्रिशलाला ऐकू द्यायची.

पुढे आठवड्यातून एकदा फोन यायला लागला, मग महिन्यातून. मिठू दुपारची झोपेनाशी झाली होती. शाळेत जाऊ लागली. योजनेने त्रिशलाला दुसरं बाळ सोपवलं, बार्शीकडचा एक मुलगा, लठ्ठ आणि हसरा. त्याचाही श्वास ती शिकली. तरी कधी कधी जोंधळे निवडता निवडता तिचा हात थांबायचा आणि ती काहीतरी ऐकायला मान कलती करायची. भरतेश बघायचा आणि रेडिओचा आवाज बारीक करायचा.

एके दिवशी प्रणालीचा फोन आला.

"ताई, स्कॅन झाला. रेझिनचा मागमूस नाही म्हणाले. आता ऐकायची गरज नाही म्हणे."

"चांगलं झालं," त्रिशला म्हणाली. या खेपेला तसं म्हणताना आत काही अडलं नाही.

"खाली खेळून राहिली ती," प्रणाली मग म्हणाली. "थांबा, हाक मारते. मैत्रेयी, वर ये. तुझ्यासाठी फोन आहे."

जिन्यावर पावलं वाजली. आधी लांब, मग जवळ, मग दार आपटल्याचा आवाज. फोन हातात घेतल्यावरही तिला लगेच बोलता येईना, इतकी ती धापा टाकत होती. तो धापा टाकणारा श्वास त्रिशलाच्या कानावर येत राहिला. खोल जात होता, बाहेर येत होता, कुठेही मिटत नव्हता.

"कोण बोलतंय?" आवाजातली खरखर गेली होती. साधा, स्वच्छ, कुठल्याही मुलीचा आवाज.

त्रिशलाने क्षणभर डोळे मिटले.

"मिरजेची मावशी," ती म्हणाली. "पळत आलीस होय?"

"हो."

"किती जिने?"

"तीन."

"दमलीस?"

"नाही," मुलगी म्हणाली. आणि ते खरंच होतं. एवढ्यात तिचा श्वास जागेवर आला होता.

"मग अजून एकदा खाली जाऊन वर ये बघू पळत. मी थांबते."

"का?"

"असंच. मला ऐकायचंय."

मुलीला ते विचित्र वाटलं असावं, पण पळायला मिळतंय म्हटल्यावर तिने जास्त विचारलं नाही. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं धडधडत जिना उतरत गेली, बारीक होत होत ऐकू येईनाशी झाली. त्रिशला फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली.